धाकटीचं काम

आमच्या इमारतीत तिला सगळे मोठी म्हणतात. म्हणजे त्या घरातली मोठी सून. आणि तिची जाऊ ती धाकटी. दोघींची खरी नावं मला पुढे कळली, पण जिभेवर बसली नाहीत ती नाहीतच. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. मोठीनं विणलेली खेळणी खोक्यांत भरायला दुपारची वर जाते, त्यामुळे बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. उरलेलं मोठीनंच मला सांगितलं.

मोठीचा हात क्रोशाच्या सुईवर लहानपणापासून बसलेला. हत्ती, ससे, देवमासे, काय म्हणाल ते लोकरीतून काढायची आणि ओळखीपाळखीतल्या पोरांना वाटून टाकायची. धाकटी त्या घरात आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. लग्नाआधी एका जाहिरात कंपनीत ती कॉम्प्युटरवर मांडणीचं काम करायची. बोलायला फटकळ, मनानं लोण्यासारखी. चार वर्षांत तिचा नवरा, म्हणजे मोठीचा दीर, कामावरून परत येताना अपघातात गेला. त्यानंतर त्या घरात दोन-तीन महिने कुणी मोठ्यानं बोललं नाही. वरून भांड्यांचा आवाजसुद्धा दबकत यायचा.

धाकटी दिवसभर खिडकीशी बसलेली असायची. एक दिवस मोठीनं तिच्या मांडीवर अर्धा विणलेला ससा टाकला आणि म्हणाली, याला कान लावून दे, मला स्वयंपाक उरकायचाय. धाकटीनं कान लावले. एक कपाळावर, दुसरा जवळजवळ मानेवर. ते ध्यान बघून मोठीला हसू आवरेना, आणि तिला बघून धाकटीलाही. हसता हसता ती रडली, मग पुन्हा हसली. विणकाम आपल्याला या जन्मी जमणार नाही हे तिनं तिथल्या तिथं कबूल केलं, पण त्याच सशाचा गॅलरीत ठेवून फोटो काढला आणि ओळखीच्यांना पाठवला. संध्याकाळपर्यंत तिघांनी विचारलं, हा विकत मिळेल का. तेही वाकड्या कानांसकट.

दुकान सुरू झालं ते असं. ऑनलाइन दुकान म्हणजे खरं तर एक पान, पण धाकटीनं ते पान घर सजवावं तसं सजवलं. दुकानाचं नाव तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं, एकच धागा न तुटता पुढे जावा तसं. फोटोसाठी एक जुनी निळी चादर इस्त्री करून ठेवलेली असायची आणि फोटो काढायचे ते सकाळी अकरालाच, कारण तेव्हा गॅलरीत ऊन थेट न येता भिंतीवरून उतरून यायचं. प्रत्येक खेळण्याला दोऱ्यानं बांधायचं लेबल, खोक्यात टाकायचं आभाराचं कार्ड, पानावरची चित्रं, सगळं तिचं. मोठीला वाटायचं, लेबलाच्या कोपऱ्यांत चार फुलं हवीत, एवढी जागा रिकामी का सोडायची? धाकटी म्हणायची, ताई, रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नाही, तिथंच तर डोळा टेकतो. यावरून दोघींची हमरीतुमरी व्हायची आणि मला खोकी भरता भरता फुकटची करमणूक. शेवटी फुलं जायची, जागा राहायची.

अडीच वर्षं अशी गेली. मग धाकटीला एक स्थळ आलं. शिक्षक, बायको वारलेली, दोन मुलं, घरात आई. विषय मोठीनंच काढला. मला ती म्हणाली होती, तिशी ओलांडलेली पोर, तिनं काय माझ्या सशांबरोबर म्हातारं व्हायचं? धाकटी आधी नाही म्हणाली, मग गप्प झाली, मग हो म्हणाली. एकच अट घातली. दुकानाची मांडणी मी तिथूनच करीन, ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. मोठीनं हसून मान डोलावली. ती अट होती हे तेव्हा आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. आम्हाला तो लाडिकपणा वाटला.

धाकटीचं नवं घर बसनं चार तासांवर. पहिलं वर्ष छान गेलं. मोठी फोटो पाठवायची, धाकटी लेबलं करून पाठवायची, शिवाय भांडणंही पाठवायची. मग हळूहळू उशीर व्हायला लागला. सोमवारी मागितलेलं शुक्रवारी यायला लागलं. कधी एका लेबलाला आठवडा. दर वेळी एकच उत्तर, सॉरी ताई, आज पाठवते. मोठीला वाटलं, नव्या घरात कामाखाली पिचली असेल, आपल्याला नाही म्हणायला जीभ रेटत नसेल. मोठीचा नवराही म्हणाला, तिला आता तिचा संसार करू दे, किती दिवस तुझी लेबलं करत बसेल? मीही मान डोलावली. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष एकट्या मोठीचा नाही.

मोठीनं ठरवलं, आपण शिकायचं, आणि धाकटीला कळू न देता शिकायचं. वय अठ्ठेचाळीस. कॉम्प्युटरवर तोवर तिनं फार तर ऑर्डरी वाचलेल्या. पहिली जाहिरात केली त्यात सात रंग आणि चार तऱ्हांची अक्षरं. नवऱ्यानं विचारलं, कुणाचं लग्न आहे? दुसऱ्या खेपेला दोनशे लेबलं छापून आणली तर प्रत्येकावरचं शेवटचं अक्षर अर्धं कापलेलं, आणि पडद्यावर आकाशी दिसणारा रंग कागदावर शाईसारखा उतरलेला. छापखानेवाल्यानं तिला समोर बसवून समजावलं की कापताना पातं थोडं इकडेतिकडे होतंच, तेव्हा मजकूर काठापासून आत घ्यायचा आणि मागचा रंग मात्र काठाबाहेर जाऊ द्यायचा. आणि पडद्याच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, आधी एक प्रत छापून बघायची. ते तिनं वहीत लिहून घेतलं.

पण खरी शिकली ती धाकटीच्या जुन्या कामावरून. एकेक जुनं लेबल उघडायची आणि पडद्याला पट्टी लावून मोजायची. नावाच्या वर किती जागा, खाली किती, चित्र मधोमध का नाही, किंचित डावीकडे का. एकदा मी खोकं चिकटवत होते तर मला हाक मारून म्हणाली, हे बघ, हिनं इथं जागा सोडलीय ना, म्हणून देवमासा पाण्यात वाटतो. मी इथं फूल टाक म्हणत होते. शेजारी बसून जे तिला अडीच वर्षांत कळलं नव्हतं, ते आता धाकटी नसताना कळत होतं.

चार महिन्यांत तिनं सगळं नव्यानं केलं. पानाचा माथा, लेबलं, कार्डं, खोक्यावरचा स्टिकर. एक गोष्ट तेवढी अडली. धाकटीनं हातानं लिहिलेलं नाव स्टिकरसाठी मोठं केलं की त्याच्या कडा करवतीसारख्या दिसायच्या. मूळ फाईल धाकटीकडे. ती मागितली तर गुपित फुटलं असतं. म्हणून मोठीनं नाव छापील अक्षरांत घेतलं, आणि सगळीकडे एकसारखं हवं म्हणून पानावरही तेच केलं.

एका सकाळी सगळं एकदम बदललं आणि तिनं धाकटीला मेसेज केला, तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंय, बघ जमलंय का. दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी आलं: खूप छान झालंय ताई. आता माझी गरज नाही.

मोठीनं तो मेसेज मला खाली येऊन वाचून दाखवला. चेहरा फुललेला होता. तिला ती शाबासकी वाटली. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं.

त्यानंतर धाकटीचे मेसेज कमी झाले. ऑर्डरी वाढल्या, लोक खेळण्यांबरोबर मांडणीचंही कौतुक करायला लागले. दोनेक महिन्यांनी मोठीला एका कार्डासाठी दोन निळ्या रंगांतला एक निवडता येईना. तिनं दोन्ही धाकटीला पाठवून विचारलं, कुठला घेऊ? पूर्वी धाकटीनं क्षणात सांगितलं असतं, डावा घे, उजवा बघून मळमळतं. उत्तर दोन दिवसांनी आलं. दोन्ही छान आहेत.

मोठीनं फोन टेबलावर उपडा ठेवला. "ही तिची भाषा नाही," म्हणाली. "परक्या माणसाशी असं बोलतात."

पुढच्या आठवड्यात ती बसनं गेली. तिथं काय झालं ते तिनं मला एकदाच सांगितलं, परत कधी तो विषय काढला नाही.

घर नीटनेटकं होतं. सासू बोलायला मऊ, नवरा शांत, मुलं लाघवी. वाईट कुणीच नव्हतं. धाकटीनं चहा केला, सगळ्यांची चौकशी केली, माझीसुद्धा. दुकानाचं नाव काढलं नाही. शेवटी ती मागच्या खोलीत वाळलेले कपडे घडी करायला गेली तशी मोठी तिच्या मागून गेली.

"माझं काही चुकलं का गं?"

"नाही ताई. काम खरंच चांगलं झालंय."

"मग माझ्याशी अशी तुटक का बोलतेस?"

धाकटीनं हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली, मग तो ठेवला. "इथं सगळे चांगले आहेत. पण मी काहीही करत असले तरी मला कुणीही हाक मारतं आणि मी उठते. फक्त तुझं काम आलं की मी सांगायचे, थांबा, मला काम आहे. मग पोरंसुद्धा दाराबाहेर थांबायची. या घरात तेवढंच एक वाक्य माझं होतं."

"पण तुला उशीर व्हायचा," मोठी म्हणाली. "मला वाटलं, तुला जड जातंय."

"उशीर मी करायचे, ताई. काम संपलं तर मग पुढचं येईपर्यंत काय, म्हणून पुरवून पुरवून करायचे."

मोठी म्हणाली, उद्याच सगळं काढून टाकते, पुन्हा तूच कर. धाकटीनं नाही म्हणून मान हलवली. "आता देशील ते मला बरं वाटावं म्हणून देशील. ते मला कळणार नाही का? आणि तू माझ्यापेक्षा चांगलं करतेस. माझे डोळे काही गेले नाहीत."

मग बराच वेळ दोघींनी मिळून कपडे घडी केले. शेवटची चादर दोन टोकांनी धरून झटकताना धाकटीनं विचारलं, नाव का बदललंस? मोठीनं करवतीसारख्या कडांचं सांगितलं. "मागितली असतीस तर फाईल दिली असती," एवढंच ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मला झेपलं असतं, असं मोठी मला म्हणाली.

धाकटी तिला बसपर्यंत सोडायला आली. बसमध्ये चढताना मोठीला तिला जवळ घ्यायचं होतं, पण आपल्याला तो हक्क उरलाय का याचाच तिला भरवसा वाटेना. धाकटीनं तिची पिशवी वर दिली, पोचल्यावर कळव म्हणाली आणि बस सुटायच्या आधीच वळली, मुलांची शिकवणी सुटायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी फाईल आली. सोबत एक अक्षर नाही. मोठीनं ती उघडली, धाकटीच्या हातचं नाव पुन्हा सगळीकडे घातलं, स्टिकर नव्यानं छापून आणले, पैकी एक पोस्टानं तिला पाठवला. त्यावर उत्तर आलं नाही. नंतर एकदा फोनवर धाकटीनं स्टिकर पोचला एवढं सांगितलं, आणि मग धाकट्या मुलाच्या तापाबद्दल बोलली.

याला आता दोन वर्षं होतील. त्या एकमेकींना वाढदिवसाला फोन करतात. तब्येतीचं विचारतात, हवेचं बोलतात. धाकटी तिच्या घरात रुळलीय असं ऐकते. मी विचारलं तर मोठी म्हणते, बरी आहे ती, आणि सुई हलवत राहते. धाकटीनं दुसरीकडे कुठं काम धरलं का, तेही तिला माहीत नाही. विचारायला धजावत नाही.

दुकान जोरात चालू आहे. मांडणी मोठीच करते, आणि कुणालाही आवडेल अशी करते. परवा एका गिऱ्हाइकानं लिहिलं, तुमचं पान इतकं सुरेख आहे, हे कुणाकडून करून घेता? मी तिथंच होते. मोठी कितीतरी वेळ लिहीत होती, पुसत होती. मग तिनं दोनच शब्द पाठवले, मीच करते. पाठवून झाल्यावर उठली, गॅलरीचं दार लावून घेतलं आणि मला म्हणाली, आज राहू दे, खोकी उद्या भरू.