माया कमी पडली म्हणे

"मुलीला आईची माया कमी पडली," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे न बघता, माझ्या नवऱ्याला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमची सहा वर्षांची मुलगी कुणाच्या नजरेला नजर देत नसे, ऐकलेलंच वाक्य परत म्हणत बसे. त्याची आम्हाला सवय झाली होती. पण त्या वर्षी भीतीनं तिला धरलं. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली शिरायची, कातडी सोलवटेपर्यंत हात धुवायची. म्हणून तर नागपुरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, आई नोकरी करते का? मी शाळेत शिकवत होते. झालं निदान!

घरी सासूबाई म्हणाल्या, "पोरीले माय पाहिजे, अन् तू लोकायची पोरं शिकवून राहिली."

मी राजीनामा दिला. भीती तसूभरही हटली नाही.

मग मी घरातल्या माणसांकडे नीट पाहू लागले. सासरे हात धुऊन पानावर बसायचे, पुन्हा उठून धुवायचे. त्याला घरात सोवळं म्हणत. कामठीला दिलेली नणंद गर्दीच्या धास्तीनं बाजारात पाऊल टाकत नसे. तिला लाजाळू म्हणत. ती माहेरपणाला आली असताना कुकर वाजला. मुलीला ओढून काढायला मी वाकले, तशी नणंद म्हणाली, "राहू द्या वहिनी. लहानपणी मलेबी असंच होत होतं. बाबा ओढून काढत, मंग मी अजूनच भ्यायची." ती पलंगाशेजारी नुसती बसून राहिली. मुलगी आपणहून बाहेर आली.

रात्री जेवताना मी बोलले, "हे तुमच्या रक्तातून आलंय."

"माझ्या घराण्याला वेडं ठरवतेस?" नवरा ओरडला.

"मला दोषी ठरवलं तेव्हा तुम्ही मान डोलावलीत!"

काही वर्षांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच दोन्हीकडच्या नातेवाइकांबद्दल विचारलं. नवऱ्यानं खालच्या आवाजात बहिणीचं, वडिलांचं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "अशी भीती घराण्यातून येऊ शकते. यात आईचा दोष नाही."

मी हायसं वाटून रडेन, असं नवऱ्याला वाटलं असावं. माझं तर डोकं भणभणत होतं. "मग माझी नोकरी का गेली?" मी विचारलं.

जुन्या शाळेनं परत घेतलं नाही. दुसऱ्या शाळेत रुजू झाले. दुपारी मुलीजवळ सासूबाई बसू लागल्या. चुकलं, असं मात्र त्या घरात कुणीच म्हणालं नाही.