दोन कोपरं आणि एक गुडघा

सुरतेत, उधन्यातल्या आमच्या खोलीवर मी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करते. काम आणून देणारी गुजराती भाभी एकदा तयार साड्या उलगडून बघत होती. गर्द निळ्या साडीवर पांढऱ्या खपल्या पडलेल्या होत्या. तिने त्या हाताने झटकल्या, मग काम करताना बाही वर सारल्यामुळे उघड्या पडलेल्या माझ्या कोपराकडे पाहिलं.

“हे दुसऱ्याला लागतं का?” तिने विचारलं. रागाने नाही, काळजीनेच.

“नाही,” मी म्हणाले. पण खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हतं. दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर आणि केसांत लाल चट्टे उठून बरेच महिने झाले होते. मी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले होते आणि कोरडी कातडी आहे असं सगळ्यांना सांगत होते.

त्याच आठवड्यात मी दवाखान्यात गेले. कातडीच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी चट्ट्यावर नखाने हलकं खरवडून पाहिलं आणि सोरायसिस म्हणून सांगितलं. हा कुणाला लागत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी विचारलं, “पूर्ण जाईल का?”

“दबेल, बेन. पण परत येऊ शकतो.” त्यांनी मलम लिहून दिलं.

सासूबाईंना ‘दबेल’ हा शब्दच पटला नाही. रोग एकतर असतो किंवा नसतो, असा त्यांचा हिशेब. त्यांचं माहेर नवापूरकडचं. तिथे काळ्या कुड्याची झाडं आहेत आणि अंगावरच्या चट्ट्यांना त्याच्या पाल्याचं तेल लावतात. त्यांनी भावाकडून पाला मागवला, हाताने कुस्करला, खोबरेलात घालून काचेची बरणी गच्चीवर उन्हात ठेवली. आठ दिवसांत तेल जांभळं झालं. तो रंग पाहून माझाही त्याच्यावर विश्वास बसायला लागला होता, हे कबूल करते.

“दोन्ही लावलं तर कशाने गेलं ते कसं कळणार, आई?” मी विचारलं.

घरात नेहमी बोलतात त्या अहिराणीत त्या म्हणाल्या, “एक कोपरले मनं तेल लाव, दुसराले डाक्टरनं मलम. मंग देखू.”

पुढच्या खेपेला मी तेलाची बाटली पिशवीत घालून दवाखान्यात नेली. बोलणी बसणार अशी तयारी ठेवली होती. डॉक्टर बाईंनी झाकण काढून वास घेतला, पाल्याचं नाव विचारून कागदावर लिहून ठेवलं. म्हणाल्या, “लावा. खाज वाढली, पाणी सुटलं तर बंद करा. आणि एक करा. एका गुडघ्याला नुसतं खोबरेल लावा. गुण पाल्याचा की तेलाचा, हे नाहीतर समजायचं नाही.”

गुडघ्याचं मी घरी सांगितलं नाही. डाव्या कोपराला सासूबाई स्वतः तेल लावायच्या, मग तसाच हात माझ्या केसांत घालून टाळूला चोळायच्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण इतका वेळ आम्ही एकमेकींजवळ कधी बसलो नव्हतो. उजव्या कोपराला मी मलम लावायचे. आणि न्हाणीत, दार लावून, गुडघ्याला साधं खोबरेल. त्या वेळी चोरी केल्यासारखं वाटायचं.

दीड महिन्याने उजवं कोपर जवळजवळ साफ झालं, नुसती फिकट खूण राहिली. डाव्यावरच्या खपल्या गळाल्या, खाज बरीच कमी झाली, पण लाली तशीच होती. आणि गुडघा अगदी डाव्या कोपरासारखाच होता. त्यात काही फरक शोधावा म्हणून मी उजेडात बसून पुन्हा पुन्हा पाहिलं. सापडला नाही.

चार दिवस मी ते मनात ठेवलं. पाचव्या दिवशी त्या तेल घेऊन बसल्या तेव्हा साडी वर करून गुडघा दाखवला आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी गुडघ्यावरून बोट फिरवलं, मग कोपरावरून. “मंग त्या पानसनी काहीच नई करं?” त्यांनी विचारलं.

“माझ्या अंगावर तरी दिसलं नाही, आई.”

त्या दिवशी त्यांनी कोपराला तेल लावलं आणि केसांना हात न लावताच उठल्या. मला वाटलं, हा विषय आता वर्षभर निघत राहणार.

पण झालं वेगळंच. आमच्या मजल्यावर जालन्याकडचा एक कारागीर राहतो, लूमवर म्हणजे यंत्रमागावर काम करणारा. त्याला हाच रोग, पाठभर, आणि बोटांचे सांधेही धरलेले. त्याला गोळ्या चालू होत्या आणि रक्त तपासायला सारखं जावं लागायचं. तो कंटाळला होता. तेलाचं ऐकून आमच्या दारात आला. म्हणाला, “मावशी, तुमचं तेल द्या. त्या गोळ्या आता सोडूनच देतो.”

मी आत साडीवर वाकून बसले होते. सासूबाई काय म्हणतील याची मला धास्ती वाटत होती. त्यांनी वाटीभर तेल ओतून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “भाऊ, गोळी बंद करू नको. हाई तेल लावं का खपली निंघस, खाज कमी व्हस. डाग जात नहीत. मनी सूननी गुडघाले नुसतं खोबरेल लावं, तेबी तितलंच बरं व्हयनं.”

तो वाटी घेऊन उभाच राहिला. त्या पुढे म्हणाल्या, गोळीचा त्रास होत असेल तर डॉक्टरलाच सांग, दुसरी मिळेल.

स्वतःच्या माहेरचं औषध स्वतःच्या तोंडाने असं कमी ठरवणं सोपं नसतं. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित तेल देऊन गप्प बसले असते. तो माणूस दवाखान्यात गेला, त्याची गोळी बदलली. बोटं आता बरी वळतात, असं त्याची बायको सांगते.

माझं म्हणाल तर मागच्या हिवाळ्यात उजव्या कोपरावर पुन्हा चट्टा आला. म्हणजे मलमाचाही विजय झाला नव्हता. डॉक्टर बाईंनी ‘दबेल’ म्हटलं होतं, तेच खरं. दुसऱ्या कुणाच्या अंगावर कुडा जास्त गुण देत असेलही. माझ्या तीन सांध्यांवरून जगाचं ठरवायला मी जात नाही. मलम मी डॉक्टर सांगतील तेवढे दिवस लावते.

डोक्याला मात्र रविवारी सासूबाईच तेल लावतात. यंदा त्यांनी पाला मागवला नाही. का, ते मी विचारलं नाही. त्या साधं खोबरेल कोमट करून घेतात, मी त्यांच्यापुढे खाली बसते, आणि त्या खपल्या हळूहळू, न ओरबाडता सोडवत राहतात.