नाव नको, गोष्ट सांग

सासू समाजमंदिराच्या दारात उभी, तिच्या कडेवर माझं लेकरू रडायलंय, आन मी नुकतीच फरशीवरून उठलेली. मागं फरशीवर माझ्याच अंगाची रांगोळी. डोकं, हात, पोट, पाय, समदं. त्यात ज्वारीचा ढीग.

"ही कोण बाई काढलीय गं इथं?" सासू म्हणली.

घरी मी सांगून आले होते, अंगणवाडीत लेकराचा खाऊ आणायला जायले म्हणून.

"मला न्हाई माहीत, आत्याबाई. ह्या ताईनंच करायला लावलं. पोरींला कायबी शिकवायलीय."

असं म्हणले मी. माझ्याच तोंडानं.

ती ताई परभणीहून स्कुटीवर यायची. गावाकडच्या पोरींला पाळीचं, लग्नाचं, लेकराबाळाचं काय माहीत हाय, कुणी सांगितलं, ह्याचा अभ्यास करायली होती. पोरी आधी नुस्त्या ओढणीत तोंड घालून हसायच्या. ताई म्हणायची, "नाव नको, गोष्ट सांग." कुणी चुकून 'आमच्या काकूच्या मंगलला' म्हणलं की ही दोन्ही कानांवर हात ठेवायची.

मग पोरी तिचीच फिरकी घ्यायला लागल्या. एकदा माझ्या नणंदेनं इचारलं, "ताई, डब्यात काय?" ताई म्हणली, "शेपू." नणंदेनं लगेच कानांवर हात ठेवले. "ताई, नाव नको, चव सांगा." ताईला हसून हसून ठसका लागला.

माझं लग्न नववीत असतानाच झालं. आईबाप ऊसतोडीला जायचे, पोरगी मागं कुणापाशी ठेवावी, म्हणून. लग्नाचं सोडा, पाळीचंबी मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा आली तवा मला वाटलं, मी आता मरायले. हे मी जल्मात पहिल्यांदा कुणाला सांगितलं असंल तर ह्या ताईला. तिनं काय उपदेश केला न्हाई. माझ्या लेकराचा पाय हातात धरून बसली बराच येळ.

त्या दिवशी ती म्हणली, आज कुणी बोलू नका. मूठमूठ ज्वारी घ्या. अंगात जिथं दुखतंय, जिथलं काय कळत न्हाई, जिथलं भ्या वाटतं, तिथं ठेवा. आता अंग काढायचं कुणाचं? पोरी लाजल्या. मीच म्हणले, माझं काढा. कुणी बळजबरी केली न्हाई. साडी नीट करून मी आडवी झाले, नणंदेनं कडंनं रांगोळी वढली, आन मी उठले. रांगोळीच्या डोक्यावर दोन-चार दाणे पडले, पायावर थोडे. बाकी समदी ज्वारी पोटावर. नणंदेनं तर आख्खी मूठ तिथं ओतली आन माझ्याकडं बघितलंबी न्हाई. तिला बघायला पाव्हणे यायलेत ना.

तेवढ्यात सासू.

तिच्या आवाजानं बाप्येबी जमले. "कुणाच्या अंगाची काढली ही?" एक जण दरडावला. ताई माझ्या मागं येऊन उभी राहिली. म्हणली, "मी काढायला सांगितली. कुणाची ते मी सांगणार नाही." आन असं बोलता बोलता ती माझ्या पाठीवरची रांगोळी हातानं झटकायली होती. हळू हळू. कुणाला दिसू नये म्हणून. तिचा हात माझ्या पाठीवर फिरायलाय, आन मी पुढं सासूला सांगायले, "मी न्हाई, आत्याबाई, मी तर आत्ताच आले."

पुन्हा गावात पाय ठेवू नका, बाप्ये म्हणले तिला. तिनं ज्वारी येचून भाईर चिमण्यांला टाकली, फरशी पुसली, स्कुटीला किक मारली. माझ्याकडं बघून हसली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

नणंदेचं लग्न ठरलंय. काल भाकरी थापता थापता म्हणली, "वहिनी, ताई आता कवा येणार? मला एक इचारायचंय."

'मला इचार' असं अगदी व्हटांवर आलं. पर सासू पलीकडंच शेंगा फोडत बसली होती. मी लेकराला पदराखाली घेतलं आन भिंतीकडं तोंड केलं.

तुमी असता माझ्या जागी, तर काय म्हणला असता?