ओळख काढणारे काका

जगात अनोळखी माणूस नावाची वस्तू देवाने बनवलेलीच नाही, अशी माझ्या आत्याच्या दिरांची खात्री होती, आणि ती खोटी ठरवेल असा माणूस केजच्या स्टँडवर कधी उतरला नाही. उतरलाच तर काका त्याला गाठायचे. गाव कोणतं, आडनाव काय, मामा कुठले, बायको कुठली, एवढं विचारून झालं की समोरचा पाहुणा तरी निघायचा, नाहीतर पाहुण्याचा पाहुणा. केज-परळी जीपमध्ये त्यांनी एकदा सगळ्या उतारूंची अशी नाती जुळवली की परळी येईपर्यंत एक सोयरीक ठरली आणि बांधावरचं एक विझलेलं भांडण नव्याने पेटलं. परळी स्टेशनात खिसा कापणाऱ्याचं मनगट धरून यांनी आधी त्याचं आजोळ विचारलं. त्या बिचाऱ्याने पाकीट तर परत दिलंच, वर पाया पडून चहा पाजला. गावात एसटीडी बूथ निघाला तेव्हा काकांचा पहिलाच फोन चुकून हैदराबादला लागला. तिकडच्या माणसाची आजी अंबाजोगाईची निघेपर्यंत यांनी तो ठेवला नाही.

त्या काळात औरंगाबादकडे रोज एक नवा कारखाना उगवत होता आणि मी डिप्लोमा करून घरी बसलो होतो. जेवताना वडील माझ्या ताटाकडे बघून खाकरू लागले होते. अशात एका कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं.

"मी येतो," काका म्हणाले. "मधी मानूस असल्याबिगर नोकरी लागत न्हाई."

"काका, तिथं आपलं कुणी नाही."

"आपलं कुनी न्हाई असं गाव दाखव बे मला!"

मुलाखत झकास झाली. साहेब "एक तारखेपासून या" म्हणायला तोंड उघडणार, तोच दार ढकलून काका आत! पहारेकऱ्याची सासुरवाडी त्यांनी गेटवरच काढली होती.

"साहेबांचं मूळ गाव?"

साहेब भडकले, पण भडकलेला माणूसही गाव सांगतोच. "धर्मापुरी."

"मंग तुमची चुलत बहीण केजला देलीय की! ते घर ह्या पोराच्याच भावकीतलं हाय!"

साहेब ताडकन उठले. त्यांचं इंग्रजी जागच्या जागी गळून पडलं. मला त्यांनी स्वतःच्या खुर्चीत बसवलं, शिपायाला टॉवेल-टोपी आणायला पिटाळलं आणि घाम पुसत म्हणाले, "बहिणीच्या सासरच्या मानसाला मी मशीनवर उभा करू? उद्या उशीर झाला तर ह्यांना बोलू कसं?"

"साहेब, मी वेळेवर येईन हो!"

"तुमी कवाबी या. पन पाहुणे म्हणून."

परतीच्या एसटीत मी डोक्यावर टोपी, मांडीवर टॉवेल घेऊन रडकुंडीला आलेलो. काका मात्र खूश. "नोकरी कुनालाबी लागती. साहेबानं खुर्ची सोडली तुझ्यासाठी, खुर्ची!"

पुढे पुण्यात नोकरी लागली ती निव्वळ परीक्षा देऊन. पेढे घेऊन मी जरा तोऱ्यातच काकांकडे गेलो.

"मधी कोन होतं?"

"कुणीच नाही."

पेढा त्यांच्या हातातच राहिला. "म्हंजे तिथं तुला कुनीच वळखत न्हाई? मंग तू आजारी पडलास तर सांगायचं कुनाला?"

काही दिवसांत काका न कळवता पुण्यात हजर. माझ्या घरमालकिणीशी ओसरीवर बराच वेळ बोलले, पाणी प्यायले आणि त्याच दिवशी परत गेले.

त्या हिवाळ्यात मी तापाने पडलो, तर घरमालकीण मऊ भात घेऊन दारात. "संकोच करू नका," म्हणाली, "तुम्ही आमचेच निघालात ना!"

नेमकं नातं काय, हे तिलाही सांगता येईना. काकांना विचारू, विचारू म्हणता राहूनच गेलं. आता काका नाहीत, आणि ते सांगू शकेल असं दुसरं कुणी नाही.