मुहूर्त गेला, बेअरिंग वाचलं

जीपचं इंजिन दुसऱ्यांदा खोललं तेव्हा दीर स्पष्टच बोलले, "वैनी, आता गेलं तर गाडी भंगारात अन् वावर ठोक्यानं." म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून शेत दुसऱ्याला कसायला. भातकुलीकडे आमची काळी जमीन. पावसाळ्यात शेताकडच्या पांदणीच्या चिखलातून चारही चाकं ओढणारी गाडीच निघते. ती गेली की माझी शेतीही गेली. म्हणून इंजिन बांधून झाल्याचा अकोल्याहून फोन आला तेव्हा मी दिरांना म्हटलं, मीही येते, आणि येताना मेळघाटचा घाट चढूनच येऊ, इंजिनाची परीक्षा होईल.

अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे रस्ता उत्तम, बसेस भरपूर. तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी अमरावतीचा खास गिलावडा खाऊन घ्या.

मागच्या वेळी इंजिन बांधलं तेव्हा आमचे हे नुकतेच गेले होते. गॅरेजात नारळ फुटला, मुहूर्तावर चावी फिरली, सगळ्यांनी जोरात रेस द्यायला लावली. पेरणीच्या आतच खडखड सुरू. खोललं तर बेअरिंग घासून आतलं तांबं दिसत होतं. "मालच खराब," असं गॅरेजवाल्यांनी सांगितलं. मला पटलं नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून डिझेल इंजिनावरचं पुस्तक आणलं. रिकाम्या घरात संध्याकाळी वाचायला काहीतरी लागतंच. त्यात होतं: क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, बेअरिंगमध्ये फिरतो तो तेलाच्या पातळ थरावर. नव्यानं बांधलेलं इंजिन आतून कोरडं असतं. तेल पोचायच्या आत रेस दिली की धातूवर धातू.

अकोल्याच्या मिस्त्रींनी हार-नारळ तयारच ठेवला होता. मी म्हटलं, आधी डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारा, तेलाच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत.

"ताई, मुहूर्त जाऊन रायला ना!"

"जाऊ द्या."

"अपशकुन होते, वैनी," दीर म्हणाले.

"भाऊजी, मागच्या वेळी शकुन झाला होता. बेअरिंग गेलं."

मिस्त्री हसले. "तुमच्या वैनी लय खतरनाक हायेत, भाऊ!" थोडा थोडा स्टार्टर मारत राहिले. मधे बॅटरी दमली, दुसरी जोडली. मुहूर्त केव्हाच टळला होता. मग काटा हलला, चढला. तेव्हा डिझेल सोडलं. गाडी सुरू झाली आणि कोणी रेस दिली नाही.

सीट अजून आमच्या ह्यांच्या उंचीची, मागे सरकवलेली. गंजल्यामुळे हलेना. पाठीला उशी लावून मीच चालवायला बसले.

अकोट, अंजनगाव करत परतवाडा. तिथेच टाकी भरा, पुढे जंगल आहे. घटांगच्या घाटात दीर म्हणाले, "टॉपमधेच राहू द्या, डिझेल वाचते." इंजिन कण्हायला लागलं होतं. मी खालचा गिअर टाकला. दबलेल्या इंजिनाचा सगळा भार बेअरिंगवरच येतो. वळणावळणाला कान खडखडीकडे लागलेले. तेलाचा काटा जागचा हलला नाही.

सेमाडोहला रबडी खाल्ली. दिरांनी दोनदा घेतली, तेव्हाच समजलं की त्यांचीही काळजी उतरली. उजेड असेतोवर जंगलातून बाहेर पडलो. तुम्हीही तसंच करा.

घरी आल्यावर वाटलं होतं, यांची गाडी चालवली, आता मन भरून येईल. तसं झालं नाही. यांची आठवण रोजची आहे, तेवढीच राहिली. पण अंगात एक कामाची घाई आली होती, ती बऱ्याच महिन्यांत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वावर ठोक्यानं मागणारा माणूस दारात आला. मी चहा ठेवायला उठले, तोवर ओसरीतून दिरांचा आवाज आला, "नाय भाऊ. यंदा वैनीच पेरून रायल्या."