जादा टाकी आणि उभी जोडी

माझी पिकअप टोचनची आहे. रस्त्यात बंद पडलेली गाडी लोखंडी रॉडने मागे जोडायची आणि गॅरेजपर्यंत ओढून न्यायची, हा माझा धंदा. अमरावतीत लोक आधी विचारतात, "ड्रायव्हर कुठाय?" मी उतरून रॉड काढते, मग विचारत नाहीत.

या धंद्यात डिझेल भरणं ही खरी कटकट असते. मागे रॉडला गाडी असली की रिव्हर्स घेता येत नाही आणि पंपावर वळायला तेवढी जागा नसते. म्हणून ओढत आणलेली गाडी हायवेच्या कडेला सोडायची, पंपावर जाऊन यायचं, पुन्हा जोडायची. तिचा मालक तोवर तोंड पाडून उभा, जणू मी पळूनच चालले. त्यात ओझं ओढताना डिझेल भराभर उतरतं. शेवटी ठरवलं, दुसरी टाकी बसवायची.

नवरा शाळेत शिक्षक आहे. तो म्हणाला, "टाकी कायले? पंपच बसव ना गाडीवर."

"तुम्ही नळी धरून उभे राहणार असाल तर बसवते," मी म्हटलं. विषय संपला.

अकोल्याच्या एका मिस्त्रीकडे चांगली टाकी मिळाली. त्याने मागच्या चाकाच्या मागे, बंपरखाली खडूने खूण केली. "इथं मोकळी जागा हाय, ताई. दोन पट्ट्या मारतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा."

"तिथं नको. टोचन लावलं की गाडी आधीच मागे दबते. तिथंच टाकी टांगली तर पुढची चाकं हलकी होतील, स्टेअरिंग धरणार नाही. चाकाच्या पुढे बसवा, चेसिसच्या आतल्या बाजूने."

"तिथं माहा हात नाही जात."

"माझा जातो. पाना द्या."

मी खरंच गाडीखाली शिरले. तो वाकून म्हणाला, "सरका ताई, सरका. दुकान माहं हाय, लोक हसतीन मले."

त्यानंतर मात्र त्याने मन लावून काम केलं. इंजिनाकडून उरलेलं डिझेल टाकीत परत येतं, त्या नळीलाही त्याने कॉक बसवला. "नाही त एका टाकीतलं ओढीन अन् दुसरीतून सांडीन," तो म्हणाला. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दोन्ही कॉक एकाच दांडीने फिरतील आणि टाकी बदलेल असं करून त्याने दांडी माझ्या सीटशेजारी काढली. आरटीओत गाडी दाखवून बदलाची रीतसर नोंद केली आणि मी कामाला लागले.

हिवाळा होता, गावोगाव शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू होते. एका सकाळी अकोल्याला एक कार पोचवून मी परत निघाले होते. मूर्तिजापूरजवळ एक माणूस रस्त्यात आडवा येऊन दोन्ही हात हलवायला लागला. मागे त्याचा छोटा ट्रक उभा होता आणि त्यात पटाच्या शर्यतीची बैलजोडी. क्लचप्लेट जळाली होती. इंजिन चालू होत होतं, म्हणजे ब्रेक लागणार होते, पण गाडी जागची हलत नव्हती. मोर्शीच्या पुढच्या एका गावात दुपारी त्याच्या जोडीचं नाव पुकारणार होते.

"दुसरी गाडी बोलवा, बैल तिच्यात चढवा," मी म्हटलं.

"नाही जमत, ताई. आमच्या घरची रीत हाय. पटाची जोडी घरून निघाली का पटातच उतरते, मधात जमिनीले पाय लावत नाही."

"मग ओढते. चला."

"आणखीन एक. मधात थांबू नका. गाडी चालू हाय तवरक बैल उभे राह्यते. थांबली का बसते, अन् बसला का पाय आखडते. मंग तो पळत नसते, फिरायले येते."

मी काट्याकडे पाहिलं. मूळ टाकी अमरावतीपर्यंत कशीबशी पुरली असती. दुसरी भरलेली होती, पण ओझं मागे असताना, चालत्या गाडीत तिच्यावर जाण्याची वेळ अजून आली नव्हती. त्याला हे सांगितलं नाही. 

त्याचा ड्रायव्हर ट्रकच्या स्टेअरिंगवर बसला, तो स्वतः मागे बैलांजवळ उभा राहिला आणि आम्ही निघालो. हळूहळू, पण एकसारखं. अमरावतीच्या अलीकडे काटा तळाला टेकला. समोर पुलाचा चढ होता. चढावर इंजिन बंद पडलं असतं तर मागचा ट्रक, बैल, माणूस, सगळं मलाही मागे खेचत खाली गेलं असतं. म्हणून चढाच्या आधीच दांडी फिरवली. इंजिनाने एक आचका दिला. माझा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच. मग ते मोकळं झालं आणि सरळ चढायला लागलं. स्टेअरिंग हातात घट्ट होतं. मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "वा!"

पंप येत होते आणि जात होते. एका पंपावर रांग रस्त्यापर्यंत आलेली दिसली. मी हॉर्न वाजवून पुढे गेले. मोर्शी गेली, संत्र्याचे बगीचे सुरू झाले आणि लाउडस्पीकर ऐकू यायला लागला. शेतात वळलो तेव्हा निवेदक ओरडत होता, "पुढच्या जोडीनं तयार राहायचं!" ती पुढची जोडी याचीच.

बैल उतरवायला मातीचा उंचवटा केलेला होता. ट्रकचं मागचं फळकं उघडलं. दोन्ही बैल उभे. मालकाने एकेकाच्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि दोर सोडले. बैल थेट पटाच्या मातीवर उतरले.

जोडी पळाली ती धुळीत दिसलीच नाही, नुसता आवाज गेला अंगावरून. त्या गटात दुसरा नंबर आला. पहिल्या नंबरवाले आदल्या दिवसापासून तिथे मुक्कामाला होते. आमची जोडी टोचनला लागून आली होती.

मालकाने निवेदकाच्या हातातून माइक ओढला. "माही जोडी मूर्तिजापूरहून एका दमात आणली या बाईनं! मधात कुठंच थांबली नाही!" लोकांनी शिट्ट्या मारल्या, टोप्या उडवल्या. मला असल्या गोष्टींची सवय नाही, पण आवडलं. दोघा-तिघांनी तिथेच माझा फोन नंबर घेतला.

मी रॉड सोडवला, पुसून गाडीत टाकला आणि जोडी पाहायला गेले. बाभळीच्या सावलीत दोन्ही बैल पाय दुमडून बसले होते आणि मालक त्यांच्या पाठीला टेकून झोपला होता. आता त्यांनी हवं तेवढं बसावं.