बाराव्या खुर्चीवरचं भांडण

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, म्हणजे पवित्र गुरुवारी, फादर बारा पुरुषांचे पाय धुतात, कारण येशूने शिष्यांचे धुतले होते. आमच्या सौंसरच्या छोट्याशा चर्चमध्ये हे बारा जण पाय घरूनच धुऊन येतात. साबण, वजरी, वर पावडरसुद्धा! फादरांच्या हाताला मळ लागता कामा नये. मग ते धुतात तरी काय, असं मी दरवर्षी विचारते आणि दरवर्षी मला गप्प बसवतात.

घरं मोजकी, त्यामुळे बारा पुरुष जमवताना नाकी नऊ येतात. यंदा शेजारच्या रामाकोन्याहून दोघे बोलावूनही अकराच भरले, म्हणून फादरांनी माझ्या धाकट्या भावाला विचारलं. तो संत्र्याच्या गाड्या भरतो. नाताळपासून त्यानं दारूला हात लावला नव्हता. फादरांनी विचारलं याचंच त्याला इतकं अप्रूप, की बुधवारी अंगणात बसून त्यानं भेगांतून रक्त येईपर्यंत टाचा घासल्या.

गुरुवारी चर्चच्या दारातच मोठ्या काकांनी त्याला अडवलं. आमचे सख्खे काका, चर्चच्या कमिटीचे प्रमुख.

"तू मांगं बस. लोक नावं ठेवतीन. अकरा चालते. बारावा तसाबी दगाबाज यहूदाच होता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, यहूदाचेबी पाय धुतले होते येशूनं! आन् बाकीचे कोनते मोठे सोवळे होते? बागेत झोपले, शिपाई आल्यावर पयून गेले, पेत्रानं तर येशूले तीनदा नाकारलं आन् मंग रडत बसला. तुमच्या कमिटीनं त्यातला एकबी खुर्चीवर बसू देला नसता!"

"देवाच्या दारात तोंड सांभाळ," काका म्हणाले.

"राहू दे ताई," भाऊ म्हणाला आणि मागे जाऊन बसला.

फादरांनी रिकामी खुर्ची पाहिली, काकांकडे पाहिलं, आणि अकरा जणांचे चकचकीत पाय धुतले. एवढा शिकलेला माणूस, पण काकांपुढे झुकला. मी मागे वळले तेव्हा भाऊ निघून गेला होता.

रात्री तो पिऊन घरी आला. त्याचाही राग आला, खोटं कशाला बोलू? दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. सकाळी काका दारावरून जाताना म्हणालेच, "म्हनलं होतं ना मी!" जणू बक्षीस लागलं होतं.

शुक्रवारी दुपारी येशूच्या दुःखाचं वाचन असतं, आमच्या चर्चमध्ये ते हिंदीतून होतं. एकेका पात्राचं बोलणं एकेक जण वाचतो. पेत्र दरवर्षी काकांकडे, कारण आवाज खणखणीत. पेत्र येशूला ओळख देत नाही, ती वाक्यं त्यांनी शुद्ध हिंदीत, कुठेही न अडखळता वाचली. तेवढ्यात मागून हुंदका ऐकू आला. दाराशी माझा भाऊ उभा होता, कालच्याच शर्टात, आणि नाक ओढत रडत होता. बाकी कोणाच्या डोळ्यात टिपूस नव्हतं.

वाचन आटोपून काका माझ्या बाकाशी वाकले. "त्याले भायेर ने. वास येऊन राहिला."

मी उठले. दाराशी जाऊन भावाचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत त्याला पहिल्या बाकावर, काकांच्या जागेवर आणून बसवलं. शेजारी मी बसले. काका प्रार्थना संपेपर्यंत उभेच राहिले.